स्पीकर बदलले, रेडिओ तोच

अन्याय झाला तो माझ्या ताईवर. रविवार, १४ एप्रिल २०१३, सकाळी अकराच्या सुमारास, वोल्फ्सबुर्गहून ब्राउनश्वाइगला जाणाऱ्या आउटोबानवर, म्हणजे जर्मनीतल्या हायवेवर, तिच्या स्वतःच्या गाडीत, पुढच्या सीटवर. करणारा माणूस तिच्या शेजारी बसून गाडी चालवत होता. माझे दाजी. मी मागच्या सीटवर होते, त्यामुळे साक्षीदार मी.

तारीख मुद्दाम लिहिते आहे. त्या वर्षी पाडवा गुरुवारी आला होता. जर्मनीत आठवड्याच्या मध्ये आलेला सण कोणी त्या दिवशी करत नाही. हॉल मिळत नाही आणि सुट्टीही मिळत नाही. म्हणून ब्राउनश्वाइगच्या मराठी मंडळींनी पाडवा पुढच्या रविवारी ठेवला. तो रविवार म्हणजे चौदा एप्रिल. एवढी शिकलेली माणसं, आणि त्यातल्या एकालाही त्या तारखेला आणखी काही असतं हे सुचलं नाही. सुचलं ते आमच्या घरात. आणि आमच्या घराने ते बाहेर कोणाला सांगितलं नाही. दोन्ही गोष्टींची चीड येते, पण दुसरीची जास्त, कारण ती आपली.

त्या सकाळी ताई पांढरी साडी नेसली. फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली, आम्ही तिघांनी उभं राहून वंदना म्हटली. दाजींनीही म्हटली, एक शब्द न चुकता. फोटो बेडरूममध्ये आहे. हॉलमध्ये मी आणलेलं हायडेलबर्गचं चित्र आहे, लाल छपरं आणि नदी. मी तिथे शिकत होते आणि सेमिस्टर सुरू व्हायच्या आत आठवडाभर ताईकडे आले होते. खीर खाल्ली. मग ताईने पांढरी साडी उतरवून हिरवी नेसली, नथ घातली, आणि आम्ही पाडव्याला निघालो.

वाटेत दाजींचा ऑफिसातला एक मित्र आणि त्याची बायको गाडीत बसले. त्यांची गाडी हिवाळी टायर काढून उन्हाळी चढवायला गॅरेजात अडकली होती. दोघं पुण्याचे. माणसं वाईट नाहीत. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना खलनायक कराल आणि स्वतः सुटाल.

गाडी गावाबाहेर पडल्यावर ताईने फोन जोडला आणि अण्णांचं गाणं लावलं.

अण्णा म्हणजे आमचे वडील. खडकीत राहतात. नोकरी होती तोवर दिवसा मशीनवर आणि संध्याकाळी गायन पार्टीत. हार्मोनियम, ढोलकी, मागे चार जणांचा कोरस आणि पुढे अण्णा. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचं गाणं थांबलं. जे उरलं ते कॅसेटमध्ये, आणि कॅसेटमधून ताईने कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेलं. दर रविवारी फोनवर अण्णांचा एक प्रश्न ठरलेला. "ऐकवलं का गं तिकडच्या लोकांना?"

"ऐकवलं, अण्णा."

"काय म्हणाले?"

"आवडलं म्हणाले."

हे खोटं होतं. जर्मनीत येऊन ताईला तीन वर्षं होत आली होती आणि तिकडच्या एकाही माणसाने ते गाणं पुरतं ऐकलं नव्हतं. इतर कशाबद्दल ती खोटं बोलत नाही. त्यामुळे दर रविवारी फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरातली कपाटं उघडबंद करत फिरायची, काही काढायचं नसताना.

गाणं अण्णांनीच रचलेलं आहे. पहिल्या कडव्यात फक्त वस्ती आहे: गल्ली झाडलेली, दारात दिवा, पोरं आंघोळ करून बसलेली. कोणीही म्हणेल, छान लोकगीत आहे. दुसऱ्या कडव्यात नाव येतं. ते नाव, ज्याच्यामुळे माझी ताई डिप्लोमापर्यंत गेली आणि दाजी इंजिनियर झाले.

पहिलं कडवं संपत आलं तशा माझ्या शेजारून वहिनी, म्हणजे मित्राची बायको, म्हणाल्या, "गोड आवाज आहे हो. कोण गातंय?"

ताईने मान वळवली. तोंड उघडलं. आणि गाणं बंद झालं. एकदम नाही. स्टिअरिंगवर डाव्या अंगठ्याशी आवाजाची बटणं असतात, त्यातलं वजाचं दाजींनी दाबून धरलं. अण्णा हळूहळू लहान होत गेले आणि मग नाहीसेच झाले.

"काय आहे," दाजी म्हणाले, "स्पीकर गेलेत या गाडीचे. नुसती खरखर. डोकं उठतं."

"जुनी गाडी घेतली की असंच," मित्र म्हणाला, आणि टायरांचा विषय निघाला. तो ब्राउनश्वाइगपर्यंत पुरला.

ताई खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिचं तोंड उघडलेलं मी पाहिलं होतं. 'माझे वडील' एवढे दोन शब्द त्यात तयार होते.

आता दाजींचं काम काय ते सांगते, म्हणजे लबाडीचा दर्जा कळेल. ते वोल्फ्सबुर्गमध्ये एका कंपनीत गाडीच्या आतली खरखर शोधतात. दार कुठे वाजतं, डॅशबोर्ड कुठे करकरतो, खड्ड्यातून जाताना कोणती क्लिप टिकटिकते. डोळे मिटून, तळहात लावून, बोट ठेवून दाखवतात. ह्या माणसाला चांगल्या स्पीकरमधली खरखर ऐकू आली. म्हणजे तो माणूस स्पीकरला घाबरलेला नव्हता.

पाडव्याचं विचारू नका. गुढी बागेतल्या छत्रीच्या दांड्याला उभी केली होती. श्रीखंड होतं, लेझीम होतं, आणि दोन तास माझा पाय टेबलाखाली हलत होता. पुण्यात मी चळवळीची पत्रकं लिहायचे. पत्रकात आपण लिहितो 'जाहीर निषेध'. कोणाचा, कधी, कशाबद्दल, आणि शेवटी मागणी. तिथे हातात कागदी ग्लास घेऊन मी मनात पत्रक लिहीत होते आणि पहिल्याच ओळीवर अडत होते, कारण ज्याचा निषेध तो माणूस मला आग्रहाने दुसऱ्यांदा श्रीखंड वाढत होता.

घरी आल्यावर मी थांबले नाही. बूट काढायच्या आधीच म्हटलं, "दाजी, गाणं का बंद केलंत?"

"सांगितलं ना. स्पीकर."

"आम्हाला नका सांगू. सकाळी वंदना म्हणालात, आणि तासाभरात नाव ऐकायला लाज वाटली?"

"लाज नाही." ते शांतच होते. शांत माणसावर ओरडणं फार कठीण असतं. "मी इथे कामाने ओळखला जातो. एकदा कळलं की आधी ते दिसतं आणि मग काम दिसतं. तू हायडेलबर्गला प्रोफेसरांत राहतेस, तुला काय. मला सोमवारी त्याच्याच शेजारी बसायचंय."

"मग कधी सांगणार?"

"वेळ आली की."

"वेळ म्हणजे काय, ट्रेन आहे का? फलाटावर लागेल?"

"तुमच्या संघटनेत बरं बोलायला शिकवलंय."

एवढा वेळ ताई नथ काढत आरशापुढे उभी होती. ती वळली आणि म्हणाली, "स्पीकरच खराब आहेत ना? मग स्पीकर बदलू."

दाजी हसले. "बदल की."

"बदलते."

मग त्यांच्या लक्षात आलं की ही मजा करत नाहीये. ताई इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली आहे आणि अण्णांच्या पार्टीचे कर्णे, अँप्लिफायर, वायरी लहानपणापासून तीच जोडायची. इथे आल्यावर तिच्या हाताला काम नव्हतं. सकाळी जर्मन भाषेचा कोर्स आणि मग दिवस सुना.

"एक मिनिट," दाजी म्हणाले. "रेडिओला हात लावायचा नाही. तो गाडीचा ओरिजिनल आहे. त्याला कोड आहे. पार्किंगचा बीप त्यातूनच येतो, स्टिअरिंगवरची बटणं त्यालाच जोडलेली. तो काढला तर सगळं जाईल. आणि बाहेरून काही दिसलं नाही पाहिजे. जाळी तीच, दार तेच. उद्या गाडी विकायची झाली तर?"

"रेडिओ तसाच ठेवते. जाळी तशीच ठेवते."

"वायर कापायची नाही."

"नाही कापत."

मी ऐकत होते आणि आतल्या आत धुमसत होते. आत काय हवं ते बदला, पण वरून कंपनीतून आल्यासारखं दिसलं पाहिजे. हे गाडीबद्दल चाललं होतं असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही आमच्यातले नाही. नोकरीला लागलेली आमची अख्खी पिढी ह्या एका अटीवर जगते. आडनाव विचारलं की गाव सांगायचं, गाव विचारलं की तालुका.

सोमवारी काही करता आलं नाही, मंगळवारी नाही. दाजी गाडी घेऊन कामावर. वोल्फ्सबुर्गमध्ये गाडीशिवाय माणूस म्हणजे घरातलं फर्निचर. मी खोलीतून बाल्कनीत आणि बाल्कनीतून खोलीत करत होते; खाली एक म्हातारा झाडांच्या कडा कात्रीने सारख्या करत होता आणि त्याला घाई नव्हती, याचासुद्धा मला राग येत होता. ताई मात्र कोर्सहून आली की टेबलाशी बसून जर्मन लोकांचे गाडीच्या आवाजाबद्दलचे इंटरनेटवरचे वाद शब्दकोश घेऊन वाचायची. जे तिला कोर्समध्ये कळत नव्हतं ते तिथे कळायला लागलं.

"ऐक," ती मला सांगायची. "कंपनीच्या रेडिओत ताकद कमी असते. लोक दुकानात जाऊन सगळ्यात जास्त वॅटचे स्पीकर आणतात. ते ह्या रेडिओवर झोपून राहतात. कमी ताकदीत मोकळं बोलणारा स्पीकर पाहिजे."

"म्हणजे आपल्यासारखा."

"भाषण नको. आणि दाराच्या पत्र्याला आतून डांबरासारखी चिकट शीट लावायची. नाहीतर स्पीकर कितीही चांगला आणा, पत्राच वाजतो. अण्णांच्या ढोलकीची घुमणारी बाजू ह्या गाडीत येतच नाही. फक्त टणटण येते."

दुकानातून तिने तसेच स्पीकर निवडले. सोबत एक प्लास्टिकची रिंग, म्हणजे नवा स्पीकर जुन्या भोकात बसतो, आणि एक जोड-प्लग, म्हणजे वायर कापावी लागत नाही. दुकानदाराने विचारलं, रेडिओ का नाही बदलत? ताईने तिच्या नव्या जर्मनमध्ये उत्तर दिलं, "माझ्या नवऱ्याला तो आवडतो." तो म्हणाला, "आख झो," म्हणजे असं होय, आणि पुढे विचारलं नाही.

काम घराखाली करणं शक्य नव्हतं. जुने स्पीकर दाराला रिबिटांनी ठोकलेले; ते ड्रिलने उडवावे लागतात. आमच्या इमारतीच्या नियमांत अंगणात गाडीचं काम मना, दुपारी आवाज मना, रविवारी तर श्वास जोरात घेणंही संशयास्पद. म्हणून आम्ही शनिवारी मीटवेर्कश्टाटमध्ये गेलो. तिथे जागा आणि हत्यारं भाड्याने मिळतात आणि आपली गाडी आपण खोलायची. दाजी आले, कारण गाडी त्यांच्याशिवाय जाणार कशी. पण त्यांनी जाहीर केलं की ते हात लावणार नाहीत. कॉफीचा कप घेऊन ते दाराशी येरझाऱ्या घालत राहिले.

दाराचं आतलं कव्हर क्लिपांवर बसलेलं असतं. ते ओढलं की एकेक क्लिप कटकन सुटते. प्रत्येक कट्‌ला दाजींचा खांदा उडायचा.

"हळू. तुटेल."

"तुम्ही हात लावणार नव्हता ना?"

"हात कुठे लावतोय. तोंड लावतोय."

उजवं दार ताईने केलं. डावं मी केलं, तिचं बघून. शीट चिकटवताना हात काळे झाले, रिंग बसली, प्लग जोडला, जाळी परत तीच. बाहेरून बघितलं तर काही झालंच नव्हतं. दाजींनी दोन्ही दारांवरून बोट फिरवून खात्री करून घेतली आणि खूश झाले.

ताईने गाणं लावलं. आणि तिचा चेहरा पडला.

ढोलकी आधी होती तेवढीसुद्धा राहिली नव्हती. अण्णांचा आवाज गाडीत कुठेच नव्हता. जणू ते खिडकीबाहेर उभे राहून गात होते आणि काच वर होती. ताईने आवाज वाढवला. पातळच. ती रेडिओचं बटण पुढे-मागे करत राहिली. मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी भांडते. मी म्हटलं, "झालं समाधान, दाजी?"

दाजी माझ्याकडे बघतच नव्हते. मान तिरकी करून ते ऐकत होते. मग त्यांना राहवेना. कप बॉनेटवर ठेवून ते आत वाकले, रेडिओवर आवाज फक्त उजवीकडे नेला. अण्णा भरले. फक्त डावीकडे नेला. अण्णा भरले. मध्ये आणला. गेले.

"एक उलटा जोडलाय," ते म्हणाले. "एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. आवाज आवाजाला खातोय. डावं कोणी केलं?"

मी काळा हात वर केला.

"पट्टी असलेली वायर प्लस धरलीस?"

"पट्टी म्हणजे प्लसच ना?"

"इथे मायनस." आणि मग, अगदी सरळ चेहऱ्याने, "चालायचंच. तुमच्या चळवळीसारखं झालं. दोघंही बरोबर, दोघंही जोरात, आणि मिळून शून्य."

मी डाव्या दाराशी त्यांना जागा करून दिली.

डाव्या दाराचं कव्हर दाजींनी स्वतः काढलं. एकही क्लिप वाजली नाही. वायरी उलट केल्या, कव्हर बसवलं, आणि ताईने पुन्हा सुरुवातीपासून लावलं. ढोलकीची पहिली घुमारी आली ती सीटमधून पाठीत शिरली. मग कोरसमधला एक जण खोकला. तो खोकला आम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मग अण्णा. दाजी डोळे मिटून तळहात दारावर ठेवून बसले होते, सवयीने, पत्रा कुठे वाजतोय का बघत. पहिलं कडवं झालं. दुसरं लागलं. नाव आलं. त्यांचा हात दारावरून हलला नाही.

शेजारी एक जर्मन माणूस आपल्या गाडीखाली झोपून काहीतरी सोडवत होता. तो सरकत बाहेर आला आणि विचारलं, भारतीय संगीत का?

"या, गेनाऊ," दाजी म्हणाले, म्हणजे हो, अगदी. "माझे सासरे."

ऐकलंत? त्या अनोळखी, ग्रीसने माखलेल्या माणसाला ते एका दमात सांगू शकले. जर्मनासमोर आम्ही भारतीय असतो, ते सोपं असतं. भीती मराठी माणसाची. जो आपलीच भाषा बोलतो, आपल्याच पेठेतली मिसळ आठवून हळहळतो, आणि ज्याला एका शब्दावरून सगळं कळतं.

मी हायडेलबर्गला परत गेले आणि एक मेच्या सुट्टीला पुन्हा आले. कामगार दिन म्हणून जर्मनीत सगळं बंद, आणि महाराष्ट्र दिन म्हणून ब्राउनश्वाइगच्या त्याच हॉलमध्ये कार्यक्रम. मित्राची गाडी ह्या वेळी ठीक होती, पण "एकत्रच जाऊ, गप्पा होतील" असा फोन आला. तेच चौघं आणि मी, त्याच सीटांवर.

गाव संपलं. ताईने फोन जोडला.

"अरे, आवाज काय सुधारलाय," मित्र म्हणाला. "नवीन सिस्टिम?"

"रेडिओ तोच," दाजी म्हणाले. "स्पीकर बदलले."

"ढोलकी जबरदस्त येतेय."

"हे तेच ना," वहिनी म्हणाल्या, "मागच्या वेळी अर्धवट राहिलं ते?"

पहिलं कडवं शेवटाकडे आलं होतं. मला दाजींचा डावा हात दिसत होता. अंगठा बटणाकडे गेला. आवाज एक घर उतरला, दोन घरं उतरला.

ताईने हात पुढे केला आणि रेडिओचं गोल बटण फिरवून आवाज परत चढवला.

अंगठ्याने पुन्हा उतरवला. तिने पुन्हा चढवला. रस्त्याकडे बघत, दोघंही, एक शब्द न बोलता. ज्या रेडिओला हात लावायचा नव्हता त्याच्यावर नवरा-बायकोची दोन बटणांनी मारामारी चालली होती, आणि अण्णा मध्ये फुगत होते आणि आकसत होते. मी सीटबेल्ट मुठीत धरला होता.

"तुमचं नक्की काय चाललंय?" वहिनींनी विचारलं.

ताई म्हणाली, "हे माझे वडील गातायत. ह्यांना वाटतं तुम्ही पुढचं कडवं ऐकू नये. मला वाटतं ऐकावं."

अंगठा बटणावरच होता. दाबला गेला नाही. नाव आलं. मग आलं ते पूर्ण कोरसात, तीनदा, आणि नवे स्पीकर होते, त्यामुळे न ऐकल्यासारखं करायची सोय नव्हती.

गाणं पुरतं वाजलं. ते संपल्यावर दाजींनी अंगठा बटणावरून काढला. "जयंतीचं गाणं आहे," ते म्हणाले. "चौदा एप्रिलचं. आमच्याकडे असते."

"अच्छा," मित्र म्हणाला. मग तारीख जुळवत, "म्हणजे त्या दिवशी... आपण पाडव्याला गेलो तेव्हा..."

"हो."

"बोलला नाहीस कधी."

"नाही बोललो."

आणि तेव्हा वहिनींनी ते वाक्य म्हटलं. मी त्याची वाटच बघत होते. "आम्ही नाही हो मानत असलं काही."

तुम्हाला कोणी विचारलं होतं? एक माणूस गातो, त्याची मुलगी सांगते हे माझे वडील, आणि तुमचं उत्तर, आम्ही मानत नाही. काय मानत नाही? वडिलांना? मी तोंड उघडलं, तर आरशातून दाजींची नजर माझ्यावर होती. धमकीची नव्हती. विनवणीची होती. मी गप्प बसले. ते बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही.

पुढच्या रविवारी ताईने खडकीला फोन लावला. सुट्टीला जोडून मी अजून तिथेच होते, तिच्या शेजारी.

"ऐकवलं का गं?"

"ऐकवलं, अण्णा. पुरतं ऐकवलं."

तिच्या आवाजात काहीतरी वेगळं असणार, कारण अण्णा थोडे थांबले. "काय म्हणाले?"

"ढोलकी जबरदस्त म्हणाले."

"ढोलकी? आणि मी?"

ताई इतकी हसली की फोन माझ्याकडे द्यावा लागला. त्या दिवशी कपाटं वाजली नाहीत.

इथे संपवता आलं असतं. पण मी पत्रक लिहिणारी बाई आहे, मला गोड शेवटांचा संशय येतो. तेव्हा पुढचंही ऐका. ब्राउनश्वाइगच्या प्रत्येक कार्यक्रमाला पुरणपोळ्या ताईच्या असायच्या. तिच्या पोळीसाठी माणसं रांगेत भांडायची. गणपतीच्या आधी वहिनींचा फोन आला. "ह्या वेळी तू दगदग करू नकोस गं. फक्त प्लेटा आण."

बस, एवढंच. प्रेमाने. दमतेस म्हणून. ताईने फोन ठेवला आणि दाजींना सांगितलं, आणि मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, हा अपमान आहे. ताई म्हणाली, "असेल. नसेलही. खरंच काळजी असेल तर?" आणि हेच, हेच ते. झोप ह्यानेच जाते. उघड बोललं तर भांडता येतं. प्लेटांशी काय भांडणार?

दाजी मागून बोलले ते मला फोनमधून ऐकू आलं. "कामावर अशी तक्रार येते आमच्याकडे. माणसाला खरखर ऐकू येते आणि मशीनवर काही दिसत नाही. पहिल्यांदा आपण म्हणतो, तुमचा भास आहे."

"आणि मग?" ताईने विचारलं.

"मग दार खोलतो. नेहमी काहीतरी सापडतं."

दाजींनी डाळ भिजत घातली. ताईने पोळ्या केल्या, त्यांनी डबा उचलून ब्राउनश्वाइगच्या हॉलमधल्या टेबलावर मधोमध ठेवला आणि स्वतः तिथे उभं राहून वाढल्या. काही जणांनी घेतल्या. काही जणांचं पोट नेमकं भरलेलं होतं. कोण कोण, हे दाजींनी पाहिलं. त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. सोमवारी ते त्यातल्याच काहींच्या शेजारी बसले. कामावर जाताना गाडीत गाणं लावलेलं होतं, म्हणाले. पुरतं.

आता तुमच्याकडे वळते. हे वाचणाऱ्यांतले बहुतेक जण मागच्या सीटवर बसणारे आहात. गाडी दुसऱ्याची, गाणं दुसऱ्याचं, तुम्ही सज्जन, तुम्ही काही मानत नाही. तुमच्या त्या न मानण्याचा कोणाला काडीचा उपयोग झालेला नाही. कोणी गाणं मध्येच बंद केलं, घाईने विषय बदलला, गाव विचारल्यावर तालुका सांगितला, की तुम्हाला कळतं. मी तुम्हाला सांगते, कळतं. आणि तुम्ही टायरांवर बोलायला लागता.

ते बंद करा. पुढे वाका आणि म्हणा, "थांबवू नका, पुढचं कडवं ऐकायचंय." ऐकून झालं की स्वतःबद्दल एक शब्दही न बोलता विचारा, कोणी रचलंय. आणि घरी गेल्यावर पोळ्या सांगायला फोन करा.